सुपारीला चढून यायचं

सोलापूर सपाट आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आमच्या अकलूजहून एसटीनं निघालं की ऊस संपतो, बाभळी लागतात आणि मग सोलापूर येतं, परातीत थापलेल्या भाकरीसारखं. कुठं फुगवटा नाही की खड्डा नाही. पण यंदा आषाढ लागायच्या आधी चार दिवस तिथं राहून आले आणि कळलं की तिथल्या माणसाला विचारलं तर प्रत्येकजण डोंगरावर राहतो. आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतायत, "सोलापुरात काय काय बघितलं?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही, म्हणून लिहून काढलं.

सोमवार, अक्कलकोट रोड

माझी धाकटी बहीण इंदू अक्कलकोट रोडला राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सूतगिरणीत होते. मागांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली. गिरणी सुटली, सवय राहिली. त्यांची नात पल्लवी बँकेत आहे. तिची सुपारी गुरुवारी फुटायची होती, म्हणून मला बोलावलं होतं. मुलगा शिवराज, त्याच बँकेतला. घर आमच्याच समाजातलं, मुलगा शिकलेला, पोरीला पसंत. घोळ व्हावा असं त्यात काही नव्हतं.

मी पोचले तर दारात मांडव नाही, घरात पाहुणे नाहीत. इंदू ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत होती आणि खड्यांबरोबर तांदूळही फेकत होती.

"आक्का, मोडलं की गं," ती म्हणाली.

"काय मोडलं?"

"सुपारी."

"फुटायच्या आधीच?"

मग तिनं सांगितलं. शिवराजचे आजोबा आप्पा विजापूर रोडला राहतात. भुसाराचं दुकान आहे, पोरक्या शिवराजला त्यांनीच वाढवलं, घरात त्यांचाच शब्द चालतो. त्यांचं मूळ गाव कर्नाटकाच्या हद्दीवर, आणि गावातलं घर टेकाडावर. त्या घराण्याची रीत अशी, की सुपारीला मुलीकडच्यांनी चढून मुलाकडं यायचं. खालून चढून आलेली सून घरात टिकते, वरून उतरून आलेली निघून जाते, असं त्यांच्याकडं धरतात. गाव सोडून तीन पिढ्या झाल्या, टेकाड तिकडंच राहिलं, रीत तेवढी सोलापूरला आली.

"मग चढा की," मी म्हणाले. "त्यात काय मोठं?"

तेवढ्यात दाजी आतून आले. "चढायला आमी तयारच हाय की, आक्का! पण चढणार कसं? आमचं घर वर हाय. त्यांच्याकडं जायचं म्हंजे आमाला उतरायला लागतंय. त्यांचीच रीत मोडती. मी त्यांच्या भल्याचं सांगाय गेलो, तर फोन आपटला!"

"तुमी काय म्हणाला फोनवर?"

"म्हणालो, आप्पा, तुमी खाली राहताय, तुमाला ठावं न्हाय."

इंदूनं आणखी मूठभर तांदूळ फेकले.

पल्लवीचे आईवडील दोघंही शाळेत मास्तर आहेत. दिवसभर वर्गातल्या पोरांना गप्प करतात आणि घरी आले की दाजींपुढं स्वतः गप्प बसतात. म्हणून पोरगी रात्री स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, "आक्काआज्जी, गुरुवार गेला तर पुढं आषाढ. आषाढात जंगम अय्या सुपारीला बसत नाहीत. आणि लातूरचं एक स्थळ आप्पांच्या ओट्यावर येऊन बसलंय. मला शिवराजच पाहिजे. त्यांचं घर उंचावर असू दे नाहीतर विहिरीत."

"मग पळून जा."

"बँकेत लग्नाची रजा मिळते, आज्जी. पळून जायची मिळत नाही."

पोरगी हुशार आहे. मी म्हणाले, बघते.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी वाजते आणि महिनाभर टिकते. ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांनी जरूर खावी. मी दह्यात भिजवून खाल्ली. इंदूला ते आवडलं नाही, पण कवळी माझी आहे.

मंगळवार, गावभर

सकाळी दाजींनी मला ओट्यावर उभं केलं आणि तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतलं. पाणी उजवीकडं गेलं. "विजापूर रोड तिकडंच," दाजी म्हणाले. मी म्हणाले, तिकडं गटार पण आहे. इंदू आतून ओरडली, "पाणी कशाला सांडताय? उद्यापतोर पुरवायचं हाय!"

हे पाण्याचं आधी सांगायला पाहिजे. सोलापुरात नळाला पाणी पाळीनं येतं. पाळी आली की घरातली सगळी भांडी, अगदी चहाची पातेली सुद्धा, भरून ठेवायची, ती पुढच्या पाळीपर्यंत. बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती पुढची पाळी कधी ते सांगेल. आमच्याकडं अकलूजला कालवा आहे. ज्याचं रान सखल त्याला पाणी आधी, म्हणून आमच्याकडं सगळ्यांना सखल रान पाहिजे असतं. उंच जागेवर राहतो म्हणून छाती फुगवणारी माणसं मी इथंच बघितली.

पल्लवीनं फोनवर उंची दिसते असं सांगितलं. तिच्या फोनवर दाजींचा ओटा उंच निघाला. शिवराजनं तिकडून त्याच्या फोनवर बघितलं तर आप्पांचं अंगण उंच. त्या फोनवाल्यांनी बहुधा दोन्ही घरचं मीठ खाल्लेलं होतं. दाजी म्हणाले, परत मोज, आणि या खेपेला फोन डोक्यावर धरून उभे राहिले.

मग दाजी आणि मी रिक्षानं आप्पांकडं निघालो. सारा रस्ता दाजी मला उतार दाखवत होते. मला दुकानं दिसत होती, चादरींचे ढीग दिसत होते, उतार काही दिसेना. शेवटी मी रिक्षावाल्याला विचारलं, बाबा, सोलापुरात चढ कुठं आहे?

तो आरशातून आम्हा दोघांकडं बघत म्हणाला, "अम्मा, सोलापुर में चढान कायका? पिच्छे वजनदार बैठे तो सब चढानच है."

दाजी सरकून कडेला बसले. सिद्धेश्वराचा तलाव लागला तेव्हा मात्र म्हणाले, "ह्ये तळं खाली हाय, हे तर आप्पा बी मानतंय." दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच जागा, आणि तिथं कुणाला राहता येत नाही.

आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. उंच, काळेसावळे, कपाळभर विभूती. त्यांच्या पत्नी शांताव्वा बुटक्या, चपळ, बोलताना मराठीत सुरू करून कन्नडात संपवणाऱ्या. मला बघून म्हणाल्या, "बर्री आक्का, कूडरी," आणि पाटावर बसवलं. माझं लहानपण अक्कलकोटच्या बाजूला गेलेलं, त्यामुळं कन्नड कळतं, बोलताना अडखळते. त्यांनी गरम हुग्गी दिली. गव्हाची ती खीर मी कितीतरी वर्षांनी खाल्ली. वेलदोडा जास्त होता, तसं सांगितलंही. शांताव्वा म्हणाल्या, "हौदु, हो, यांनीच टाकला. दुकानातला संपवायचा होता."

पुरुषांचं तोवर सुरू झालं होतं.

"दमलात का चढून?" आप्पांनी विचारलं.

"उतरून कोण दमतंय?" दाजी म्हणाले.

"अय्यय्यो! आमच्या गच्चीवरनं गड्ड्याच्या जत्रेचं मैदान दिसतंय. नोडरी, बघा वर चढून."

"गच्चीवरनं दिसतंय म्हंजे गच्ची उंच. घर न्हवं."

"पावसाळ्यात तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असतंय."

"ते गटार तुंबल्यालं असतंय!"

लातूरच्या स्थळाची मिठाई तिथंच कोनाड्यात होती. अजून उघडलेली नव्हती. शांताव्वांनी माझी नजर तिकडं गेलेली बघितली आणि डब्यावर टॉवेल टाकला. तेव्हा मला कळलं की या बाईलाही पल्लवीच पाहिजे. पण तिचं घरात चालत नव्हतं, आणि इंदूचं तिच्या घरात चालत नव्हतं.

माझं डोकं दुखायला लागलं होतं. मी म्हणाले, "भांडताय कशाला? नळाला विचारा की. पाणी कुणाच्या बापाला भिऊन चढावर चढत नाही. ज्याच्या नळाला धार बारीक, त्याचं घर उंच. घागर ज्याच्याकडं उशिरा भरेल तो जिंकला."

मी हे त्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून बोलले होते. पण दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मान हलवली. दाजींची पाळी बुधवारी, आप्पांची गुरुवारी. बुधवारी शांताव्वांनी साक्षीला तिकडं यायचं, गुरुवारी दाजींनी आणि मी इकडं. आप्पांचं घर उंच निघालं तर त्याच संध्याकाळी पल्लवीकडच्यांनी चढून यायचं. दाजींचं निघालं तर आप्पा लातूरला फोन करणार.

रिक्षात बसताना माझ्या ध्यानात आलं. दाजी हरले तरच पोरीचं लग्न होणार होतं. दाजींच्याही ध्यानात आलं असावं, पण ते उतार बघत होते.

बुधवार, इंदूचा नळ

शांताव्वा सकाळीच आल्या, स्वतःची घागर घेऊन. घागरीत फसवणूक नको म्हणून. इंदूनं अंगणात बादल्या, पिंप, डबे मांडून ठेवले होते. मी नळाजवळ स्टूल घेऊन बसले.

पाण्याची वेळ झाली. नळानं उसासा टाकला आणि गप्प झाला.

आम्ही वाट बघितली. थेंब नाही.

"बघा!" दाजी ओरडले. "बारीक धार सोडा, टिपूस बी न्हाय! हितं पाणी चढंनाच! सांगा आप्पास्नी!"

इतकं खूश झालेलं मी त्यांना इंदूच्या लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं. नळाला पाणी आलं नाही म्हणून आनंदानं टाळी वाजवणारा माणूस सोलापुरात तोच पहिला असेल. इंदू मात्र पांढरी पडली होती. तिच्या घरात प्यायला एक कळशी उरली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. पत्र्याच्या पिंपात पाणी पडतं तो आवाज, आणि चांगला जोरात. शेजारीण गाणं म्हणत कपडे आपटत होती. शांताव्वा उठल्या, कुंपणावरून बघून आल्या.

"दाजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या शेजारणीचं घर खड्ड्यात हाय काय?"

इंदूनं एकदम दाजींच्या हाताकडं बघितलं. मीही बघितलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत चिखल होता. दारापुढं जमिनीत पेटी आहे, तिच्यात घरात येणाऱ्या पाइपाचा कॉक असतो. पहाटे आम्ही झोपेत असताना गृहस्थानं तो बंद केला होता.

"जरासाच केला हुता," दाजी म्हणाले. "धार बारीक व्हावी म्हणून. ते पूर्णच बंद झालं."

"उघडा मग!" इंदू ओरडली.

"मूठ तुटली की गं. तवाच. जोर जास्त लागला. हात बी कापला."

इंदू माझी बहीण आहे, तिला रागावलेली मी पुष्कळदा बघितली आहे. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. तिनं मांडलेली सगळी भांडी एकात एक घालून ठेवली, पदर खोचला, शेजारणीकडं जाऊन दोन बादल्या मागून आणल्या आणि दाजींच्या पुढ्यातून तशीच आत गेली. प्लंबर शुक्रवारपर्यंत मिळणार नव्हता, आणि पाणी तर पुढच्या पाळीलाच.

शांताव्वा रिकामी घागर काखेला मारून निघाल्या. दारात मला हळूच म्हणाल्या, "आमच्यांनी पण काहीतरी केलेलं असणार, आक्का. काल रात्रीपास्नं गप्प हाईत. ते गप्प कधी नसतात."

गुरुवार, आप्पांचा नळ

दाजींना आंघोळ नव्हती. मलाही नव्हती. तसेच गेलो.

आप्पांनी अंगणातल्या नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. दुपारनंतर पाणी सुटलं आणि नळातून सुतळीएवढी धार आली. शांताव्वांनी घागर लावली. तिचा तळ सुद्धा भिजेना.

"नोडरी," आप्पा म्हणाले. "डोंगर हाय हा."

दाजींचा चेहरा पडला. मला मात्र आतून बरं वाटत होतं. दाजींचा नळ लबाडीनं बाद झालेला, आप्पांचं घर उंच ठरलं, म्हणजे संध्याकाळी सुपारी. मी पल्लवीला फोन लावायला रजेवर असलेल्या शिवराजला खूण केली. पोरगा नंबर काढतो आहे तोवर नळ खोकायला लागला.

आप्पा घाईनं पुढं झाले आणि नळावर हात ठेवून वाकले. तेच चुकलं. आतून काहीतरी भडकन सुटलं. पांढऱ्या कापडाचा एक बोळा आप्पांच्या कपाळावर जाऊन बसला आणि मागोमाग मनगटाएवढी धार. आप्पांची विभूती, टोपी, सदरा, सगळं धुऊन निघालं. माझी नवी इरकल पदरापासून काठापर्यंत भिजली. घागर तर क्षणात भरून वाहायला लागली.

शांताव्वांनी बोळा उचलला, उलगडला. "धोतर," त्या म्हणाल्या. "मागच्या दिवाळीचं. मी शोधत होते."

दाजी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग आप्पांनी विचारलं, "तुमच्या हाताला पट्टी कशाची?" आणि दाजींचं हसणं थांबलं. दोघं म्हातारे ओल्या अंगणात एकमेकांसमोर बसले. कोण उंच, कोण सखल, काही ठरलं नव्हतं, आणि आता ठरवणार तरी कशानं? शिवाय लातूरची मिठाई कोनाड्यात होतीच.

"साकु!" शांताव्वा म्हणाल्या. साकु म्हणजे पुरे. एवढ्या लहान बाईचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तिकडं विहिणीच्या घरात प्यायला पाणी न्हाई, आणि तुमी हितं बोळे घालताय! शिवराज, दुकानातला टेम्पो काढ. सगळी पिंपं भर. आधी पाणी पोचवू. लग्नाचं मग बघू."

त्या इंदूला विहीण म्हणाल्या हे आप्पांनी ऐकलं आणि स्वतःच पहिलं पिंप धरायला उठले.

पिंपं भरली. शिवराज चालवायला, शांताव्वा आणि मी त्याच्या शेजारी, आणि पिंपं धरायला मागं दोघं म्हातारे. निघाल्यापासून मागून आवाज.

"पाणी मागं सरकलं! बघा, चढ लागला!" दाजी ओरडले.

"ते पोरानं गाडी पळवली म्हणून. आता बघा, फुडं आलं, उतार!"

"ब्रेक मारला त्येनं!"

दोघं पिंपात डोकं घालून बसले होते. सात रस्ता चौकात एक मोटारसायकल आडवी आली, शिवराजनं खरंच ब्रेक मारला, आणि मागचं पिंप दोघांच्या अंगावर कलंडलं. रस्ताभर पाणी. बायका रिक्षातून ओरडायला लागल्या, कुणी पाणी सांडल्याबद्दल, कुणी भिजल्याबद्दल. शिवराजनं टेम्पो कडेला घेतला.

मी उतरले. पाय ओले, साडी ओली, आंघोळ नाही, आणि दिवस कलायला लागला होता. गुरुवार संपला की आषाढ. टेम्पोच्या मागं गेले तर आप्पा वर उभे, धोतराचा सोगा पिळत होते. रस्त्यावरून त्यांच्याकडं बघायला मला मान वर करावी लागली. आणि मला वाटलं, हे एवढंच तर पाहिजे होतं.

"शांताव्वा," मी म्हणाले, "तुमच्या रीतीत घर पाहिजे असं आहे, का चढ पाहिजे असं आहे?"

"चढ."

"मग तुमच्याकडची सगळी माणसं टेम्पोत बसवा. आमची खालून चढून येतील."

शांताव्वा माझ्याकडं बघत राहिल्या. मग कंबरेला पदर खोचून स्वतः आधी वर चढल्या.

आप्पा म्हणाले, "हे कसलं? रस्त्यावर सुपारी?"

"रस्त्यावर न्हाई, टेम्पोत," शांताव्वा म्हणाल्या. "गाडी आपली, म्हंजे जागा आपली. त्यांनी चढून यायचं. यात काय मोडतंय ते सांगा. न्हाईतर मी नळातल्या धोतराचं सगळ्या समाजाला सांगते."

आप्पांनी पिळलेला सोगा सोडला आणि नीट केला.

फोन झाले. इंदू सुपाऱ्या, नारळ, खण घेऊन रिक्षानं आली. पल्लवी बँकेतून स्कूटीवर, ओढणी डोक्यावर घेत. तिचे आईवडील शाळेतून थेट, हाताला खडू. अय्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. त्यांना टेम्पोचं सांगितलं तर म्हणाले, "दिशा पूर्व असली म्हंजे झालं." शिवराजनं टेम्पो वळवून पूर्वेला तोंड केलं. चौकातल्या हवालदारानं शिट्टी मारली, इंदूनं त्याच्या हातात नारळ दिला धरायला, तो धरून उभा राहिला.

मुलाकडचे वर, मुलीकडचे खाली. पल्लवी चढली, तिचे आईवडील चढले, इंदूला मी ढकललं. दाजी राहिले. त्यांचे गुडघे धरतात, आणि फळी उंच. ते फळीला हात लावून उभे राहिले. चढून जायचं म्हणजे आपण खालचे, हे त्यांना सगळ्या चौकासमोर कबूल करायचं होतं. पल्लवी वरून बघत होती. 

"आजोबा दमले का?" आप्पांनी विचारलं.

"दमतंय कोण!" दाजी म्हणाले आणि पाय उचलला. अर्ध्यावर अडकले. आप्पा वाकले, दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि वर ओढून घेतलं. दोघंही पिंपावर आदळले.

सुपारी फुटली. अय्यांनी मंत्र म्हटले ते हॉर्नमध्ये कुणाला ऐकू आले नाहीत. तोंड गोड करायला घाईत कुणी काही आणलं नव्हतं. शांताव्वांनी पिशवीतून लातूरचा डबा काढला. टॉवेलासकट उचलून आणला होता बाईनं. मी पेढा घेतला. चांगला होता.

दाजी टेम्पोत उभे राहून चौफेर बघत होते. "आप्पा," ते म्हणाले, "हितनं सगळं सोलापूर खाली दिसतंय."

"हौदु," आप्पा म्हणाले. "आपली जागा उंच हाय."

तेवढ्यात शेजारी कडब्याचा ट्रक येऊन थांबला. पेंढ्या विजेच्या तारेला लागतील इतक्या रचलेल्या, आणि त्यांच्यावर एक माणूस पालथा पडून खाली आमच्याकडं बघत होता.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

दाजींनी आणि आप्पांनी माना वर केल्या.  मग आप्पांनी डब्यातून दोन पेढे घेतले, टाचा उचलल्या आणि हात जितका वर जाईल तितका वर केला.